आठ नोड टाकले तरी ऑब्जेक्ट डेटाबेसची क्वेरी रांगतेच? आधी पॉइंटर बघा

हे कोणासाठी लिहितोय ते आधी सांगतो. ज्यांच्याकडे ऑब्जेक्टिव्हिटी, वर्सांट, ऑब्जेक्टस्टोअर, जेमस्टोन असला ऑब्जेक्ट डेटाबेस, म्हणजे ऑब्जेक्ट आणि त्यांचे एकमेकांकडचे रेफरन्स जसेच्या तसे साठवणारा, जुना पण अजून चालू आहे, डेटा चार-आठ मशीनवर (म्हणजे नोडवर) पसरलाय, आणि मॅनेजर विचारतोय की मशीन दुप्पट केली तरी रिपोर्टला तेवढाच वेळ का लागतो, त्यांच्यासाठी. मोंगो किंवा ग्राफ डेटाबेस वापरणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, दुखणं बऱ्यापैकी तेच असतं, नावं तेवढी बदलतात.

उदाहरण एकच धरू म्हणजे गोंधळ नको. गाड्यांच्या असेंब्ल्या बनवणारी एक कंपनी समजा. असेंब्ली नावाचा क्लास, त्यात पार्टच्या रेफरन्सचं कलेक्शन, प्रत्येक पार्टमध्ये सप्लायरचा रेफरन्स, सप्लायरमध्ये शहर. प्रश्न असा की चाकणच्या सप्लायरचा एखादा तरी पार्ट ज्यांच्यात आहे अशा सगळ्या असेंब्ल्या दाखवा. कोडमध्ये लिहायला एकदम सोपं वाटतं, असेंब्ली डॉट पार्ट्सवर लूप, पार्ट डॉट सप्लायर डॉट शहर, बरोबर चाकण आलं का बघा, झालं. आणि सगळी गोची इथंच आहे.

आता हा प्रत्येक डॉट काय करतो बघा. समोरचा ऑब्जेक्ट मेमरीत नसेल तर त्याच्या ओआयडीवरून (ऑब्जेक्टच्या ओळख-क्रमांकावरून) तो कुठल्या नोडवर कुठल्या पेजवर (डिस्कवरून एकदम वाचायच्या तुकड्यावर) आहे ते शोधायचं, पेज मागवायचं, येईपर्यंत गप थांबायचं, मग पुढचा डॉट. डेटा हॅश करून (म्हणजे सूत्राने विखरून) नोडवर उडवलेला असेल तर २ नोड असताना निम्मे रेफरन्स परक्या नोडवर जातात, ८ असताना ८ पैकी ७, आणि १६ केले की १६ पैकी १५. म्हणजे मशीन वाढवली तशी नेटवर्कवरची ये-जा वाढली, काम वाटलं गेलंच नाही. हिशोब मांडू, १० लाख पार्ट आणि नेटवर्कच्या एका फेरीला ०.२ मिलिसेकंद धरा, ८ नोडवर ८ लाख ७५ हजार फेऱ्या, त्याचे झाले १७५ सेकंद, आणि तेही एकामागून एक कारण लूप एकच आहे. एवढ्या वेळात आठही मशीनचे सीपीयू जवळपास रिकामे बसलेले दिसतात. लोक ते बघून म्हणतात डिस्क स्लो असेल, एसएसडी घ्या, आणि मग एसएसडी येते आणि रिपोर्ट तिथल्या तिथेच.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: नोड वाढवणं हा शेवटचा उपाय. आधी एकेक पॉइंटरमागे, म्हणजे रेफरन्समागे, धावणं बंद करा, मग डेटा नीट मांडा, आणि त्यानंतरच पॅरलल किती करायचं याचा विचार करा. उलट क्रमाने गेलात तर पैसे जातात आणि क्वेरी तशीच राहते.

मोजताना घड्याळ नको, मोजणी बघा

एकूण किती सेकंद लागले हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे, त्यातून काय करायचं ते कळत नाही. एका क्वेरीसाठी हे लिहून काढा: किती ऑब्जेक्ट वाचले, त्यातले उत्तरात किती आले, किती पेज डिस्कवरून आली, नेटवर्कच्या फेऱ्या किती, प्रत्येक नोडने किती बाइट पाठवले आणि प्रत्येक नोडला वेगवेगळा वेळ किती लागला. शेवटचे दोन तर नोडगणिकच हवेत, सरासरी अजिबात नको, सरासरीत सगळं पाप झाकलं जातं.

दुसरं म्हणजे थंड आणि गरम दोन्ही मोजा. १९९३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींनी ऑब्जेक्ट डेटाबेससाठी ओओ७ नावाचा बेंचमार्क काढला होता, त्यातही असंच कॉम्प्लेक्स पार्ट आणि असेंब्लीचं झाड आहे, आणि त्यात कॅश रिकामी असतानाचं आणि कॅश भरलेली असतानाचं ट्रॅव्हर्सल (रेफरन्समागून रेफरन्स जाणं) वेगवेगळं मोजतात. कारण ऑब्जेक्ट डेटाबेसची सगळी जादू गरम कॅशमध्ये असते, एकदा ऑब्जेक्ट मेमरीत आला आणि पॉइंटर स्विझल झाला (ओआयडीच्या जागी मेमरीतला थेट पत्ता आला) की पुढचा डॉट साध्या सी++ पॉइंटरच्या जवळपास फास्ट. डेमोमध्ये तेच दाखवतात. रात्रीचा रिपोर्ट मात्र थंड कॅशवर चालतो, तेव्हा तुलना करताना कुठला आकडा कुठला ते लिहून ठेवा नाहीतर टीममध्ये उगाच भांडणं.

वाचलेले ऑब्जेक्ट आणि उत्तरातले ऑब्जेक्ट यांचं गुणोत्तर हजारात असेल तर इंडेक्स किंवा फिल्टरचा क्रम चुकलाय. गुणोत्तर ठीक आहे पण फेऱ्यांचा आकडा ऑब्जेक्टच्या आकड्याजवळ आहे, तर एकेक करून मागवणं चालू आहे. फेऱ्या कमी पण पेज भरमसाट, तर क्लस्टरिंग, म्हणजे पेजवरची मांडणी, बिघडलंय. एवढं निदान झालं तरी अर्धं काम झालं.

डॉटची यादी करा

आता मुख्य भाग. लूपमध्ये पार्ट डॉट सप्लायर करायच्या ऐवजी आधी फक्त ओआयडी गोळा करा, ओआयडी हातात असायला ऑब्जेक्ट वाचावा लागत नाही हे बरेच जण विसरतात. गोळा केले, डुप्लिकेट काढले, नोडप्रमाणे गट पाडले आणि प्रत्येक नोडला त्याची यादी एकदम पाठवली. त्या नोडने यादी पेजच्या क्रमाने लावून घ्यायची, प्रत्येक पेज एकदाच वाचायचं, शहराची अट तिथंच तपासायची आणि जे पास झाले तेवढेच परत पाठवायचे. हजार-हजारच्या गठ्ठ्यात केलं तर वरच्या हिशोबातल्या ८ लाख ७५ हजार फेऱ्यांच्या ८७५ होतात, म्हणजे फेऱ्यांचा वेळ १७५ सेकंदावरून पाव सेकंदाच्या आत. डेटा वाहून नेण्याचा वेळ वेगळा, तो लागणारच, पण तो सगळ्या नोडवर एकाच वेळी लागतो.

वर्सांटमध्ये यासाठी ग्रुप रीड आहे, ऑब्जेक्टचा अख्खा अ‍ॅरे दिला की एकदम आणतो. ऑब्जेक्टस्टोअरमध्ये फेच पॉलिसी सेट करता येते, एकेक पेज आणायचं, की अख्खं सेगमेंट, की स्ट्रीमसारखं पुढचं पुढचं. ऑब्जेक्टिव्हिटीचा ओआयडी तर चार तुकड्यांचा असतो, डेटाबेस, कंटेनर (पेजचा गट), पेज आणि स्लॉट (पेजमधली जागा), त्यामुळे ओआयडी नुसते सॉर्ट केले तरी आपोआप पेजच्या क्रमात लागतात, फुकटात मिळालेली गोष्ट आहे ही, वापरा. तुमच्या प्रॉडक्टमध्ये असलं काही तयार नसेल तर हाताने लिहायला दोनेकशे ओळींच्या वर कोड लागू नये.

याच्यावर रिसर्चवाल्यांनी नव्वदच्या दशकात भरपूर काम करून ठेवलंय. पॉइंटरवर आधारलेले जॉइन (दोन क्लासचे ऑब्जेक्ट जुळवणं) आणि व्हॅल्यूवर आधारलेले साधे हॅश जॉइन यांची तुलना झालीये, पॅरलल मशीनवरही झालीये, आणि इंग्लंडमध्ये न्यूकॅसल आणि मँचेस्टरच्या लोकांनी पोलार नावाचा ओडीएमजी हे ऑब्जेक्ट डेटाबेसचं स्टँडर्ड पाळणारा पॅरलल ऑब्जेक्ट सर्व्हर बनवला त्यात ओक्यूएल (त्या स्टँडर्डची क्वेरी भाषा) क्वेरीसाठी असे तीन-चार प्रकारचे जॉइन शेजारी शेजारी ठेवलेत आणि कुठला निवडायचा ते कॉस्ट मॉडेलवर, म्हणजे खर्चाच्या अंदाजावर, ठरतं. त्यातला हॅश लूप्स हा प्रकार मला सगळ्यात कामाचा वाटतो: डावीकडचे टपल (म्हणजे नोंदी) मेमरीतल्या हॅश टेबलमध्ये घालायचे, की म्हणून उजवीकडच्या ऑब्जेक्टचं पेज घ्यायचं, मग एकेक पेज वाचून त्याच्यावर बोट ठेवून बसलेले सगळे टपल एका झटक्यात निकालात काढायचे. मेमरी भरली की तेवढ्यापुरतं उरकून पुढचा हप्ता. वर जी यादीची पद्धत सांगितली ती याचीच देशी आवृत्ती म्हणा.

पण थांबा, आपल्या उदाहरणात याहून भारी रस्ता आहे. सप्लायर ५ हजार आणि चाकणचे त्यातले ६०, असं धरा. मग पार्टकडून सप्लायरकडे जायचंच कशाला? आधी ते ६० सप्लायर काढा, त्यांचे ६० ओआयडी सगळ्या नोडना पाठवा, प्रत्येक नोडने आपापले पार्ट स्कॅन करायचे आणि पार्टमध्ये ठेवलेला सप्लायरचा ओआयडी त्या ६० मध्ये आहे का एवढंच बघायचं. सप्लायर ऑब्जेक्ट एकदाही उघडला नाही. नेटवर्कवरून गेलं काय, तर ६० ओआयडी गुणिले ८ नोड. मग जे पार्ट सापडले त्यांच्या ओआयडीची यादी करून हाच खेळ असेंब्लीवर परत, आणि पार्टमध्ये असेंब्लीचा उलटा रेफरन्स ठेवलेला असेल तर तोही स्कॅन वाचतो.

हे इंजिनाने आपलं आपण करावं अशी अपेक्षा असेल तर ती जरा कमी ठेवा. रिलेशनल इंजिनात ऑप्टिमायझर जॉइनचा क्रम फिरवतो, इथं तुम्ही सी++ किंवा जाव्हामध्ये लूप लिहिला की क्रम तुम्हीच ठरवून टाकला, इंजिन बिचारं काय करणार. म्हणून रिपोर्टच्या क्वेरी जमेल तिथं लूपमधून बाहेर काढून क्वेरी भाषेत लिहा, आणि जमत नसेल तर निदान लूपचा क्रम स्वतः विचार करून लावा, म्हणजे ज्या टोकाला अट सगळ्यात कडक तिथून सुरुवात.

कधी कुठलं? पहिल्या फिल्टरनंतर मूठभर ऑब्जेक्ट उरणार असतील तर पॉइंटर फॉलो केलेलाच बरा, गठ्ठ्यात अर्थात. पुढच्या क्लासचे बहुतेक ऑब्जेक्ट तसेही हात लागणारच असतील तर सरळ स्कॅन करून हॅश जॉइन. मधल्या पट्ट्यात मोजून बघण्यावाचून इलाज नाही.

कोण कोणाच्या शेजारी

क्लस्टरिंग म्हणजे जे एकत्र वाचलं जातं ते एका पेजवर ठेवणं, आणि पॅरललसाठी मात्र जे आहे ते नोडवर पसरायचं असतं. दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात आणि सगळी कसरत ही आहे.

क्लस्टरिंगचा फरक किती पडतो तो हिशोबच बघा. पार्ट २०० बाइटचा, पेज ८ केबीचं, एका पेजवर साधारण ४० पार्ट, १० लाख पार्ट म्हणजे २५ हजार पेज, २०० एमबी. एसएसडीवरून सलग वाचलं तर सेकंदाच्या आत येतं. तेच पार्ट जन्माच्या क्रमाने इतस्ततः पडलेत आणि तुम्ही असेंब्लीच्या क्रमाने मागताय, कॅशमध्ये काहीच सापडत नाही असं धरलं तर १० लाख पेज वाचणार, ८ जीबी, एका रँडम रीडला १०० मायक्रोसेकंद म्हटलं तर १०० सेकंद. डेटा तोच, मांडणी वेगळी.

मी जो नियम वापरतो तो असा: मालकीचं नातं असेल तर एकाच नोडवर आणि शक्यतो एकाच पेजवर, नुसतं वापराचं नातं असेल तर पसरलं तरी चालेल. म्हणजे असेंब्ली आणि खास तिच्यासाठीच बनलेले पार्ट एकत्र, आणि असेंब्ल्या मात्र हॅशने आठ नोडवर वाटून टाकलेल्या. मग असेंब्लीपासून स्वतःच्या पार्टपर्यंतचं ट्रॅव्हर्सल पूर्ण लोकल होतं आणि आठही नोड आपापल्या असेंब्ल्या घेऊन सुटतात. अडचण येते ती सामायिक पार्टची, एकच बोल्ट हजारो असेंब्ल्यांमध्ये, तो कोणाच्या शेजारी बसवणार? कोणाच्याच नाही. असे पार्ट वेगळ्या कंटेनरमध्ये, आणि संख्या थोडी असून क्वचितच बदलत असतील तर प्रत्येक नोडवर कॉपी. सप्लायरचं तर कॉपीच करा, ५ हजार गुणिले ३०० बाइट म्हणजे दीड एमबी, एवढ्यासाठी नेटवर्कवर जायचं म्हणजे कमाल आहे. कॉपी केलेल्याचं अपडेट मात्र एकाच जागेवरून व्हावं, नाहीतर दोन नोडवर दोन वेगळी शहरं आणि मग शोधत बसा.

हॅश की रेंज (पट्ट्यांप्रमाणे) की राउंड रॉबिन (पाळीपाळीने) हा वाद फार ताणू नका. तारखेच्या किंवा किमतीच्या पट्ट्यावर क्वेरी येत असतील तर रेंज, बाकी हॅश, आणि फक्त अख्खा स्कॅनच होत असेल तर राउंड रॉबिन सगळ्यात समान वाटतो. रेंजचा धोका एवढाच की सगळ्यांना ताजाच महिना हवा असतो आणि तो बसलाय एका नोडवर.

आणि डेटा हलवायच्या आधी ओआयडी कसला आहे ते बघून घ्या. ओआयडी फिजिकल असेल, म्हणजे त्यातच जागा लिहिलेली असेल, तर ऑब्जेक्ट दुसऱ्या कंटेनरमध्ये नेला की ओआयडी बदलतो आणि त्याच्याकडे बोट दाखवणारे सगळे रेफरन्स दुरुस्त करावे लागतात. वर्सांटसारखा लॉजिकल (नुसता नंबर, जागा नाही) असेल तर हलवणं निर्धोक पण प्रत्येक वेळी कुठे आहे ते शोधायची पायरी वाढते. फिजिकलवाल्यांनी रीक्लस्टरिंग हे शनिवार-रविवारचं काम समजायचं, दुपारच्या चहानंतरचं नाही.

एकच नोड हळू म्हणजे सगळेच हळू

लग्नाच्या पंगतीत शेवटच्या माणसाचा मठ्ठा पिऊन होईपर्यंत पंगत उठत नाही, पॅरलल क्वेरीचंही तसंच. ८० लाख ऑब्जेक्ट ८ नोडवर सारखे असते तर प्रत्येकी १० लाख. पण एका नोडवर २४ लाख बसले आणि बाकी सातांवर ८-८ लाख, तर क्वेरी २४ लाखांच्या वेळात संपणार, म्हणजे आठपट वेग मिळायचा तिथं ३.३ पट. आणि यात गंमत अशी की ऑब्जेक्टची संख्या सारखी असूनही स्क्यू (वाटणीतला असमतोल) असू शकतो, कारण एका असेंब्लीत १० पार्ट आणि दुसरीत ५ हजार. असेंब्ल्या मोजून वाटल्या तर आकडे छान दिसतात पण काम कुठल्या कुठे गेलेलं असतं. ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये हा प्रकार रिलेशनलपेक्षा जास्त छळतो कारण नेस्टेड कलेक्शन ऑब्जेक्टच्या पोटात लपलेलं असतं, वरून दिसत नाही.

उपाय दोन. एक तर वाटणी संख्येवर करण्याऐवजी वजनावर करा, वजन म्हणजे त्या असेंब्लीच्या खालचे एकूण पार्ट किंवा बाइट. दुसरं, कामाचे तुकडे नोडच्या संख्येएवढे न करता बरेच जास्त करा, ८ नोडसाठी ८० किंवा १०० कंटेनर, आणि ज्याचं आधी संपेल त्याने पुढचा तुकडा उचलायचा. दुसरा उपाय मला जास्त आवडतो कारण डेटा उद्या बदलला तरी तो आपोआप सावरतो. मात्र तुकडा परक्या नोडवर असेल तर तो वाचायला नेटवर्क लागणार, म्हणून आधी आपले तुकडे संपवायचे, मगच शेजाऱ्याचे घ्यायचे. एखादी असेंब्लीच राक्षसी असेल तर तिचं कलेक्शनच दोन-तीन नोडवर तोडावं लागतं, त्याला पर्याय नाही.

जाडे ऑब्जेक्ट

ऑब्जेक्ट मॉडेल करताना सगळं एका क्लासमध्ये कोंबायची सवय असते, पार्टमध्ये वजन, किंमत, ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट, फोटो, इतिहास. स्कॅन करताना हवं असतं वजन आणि किंमत, आणि डिस्कवरून येतं सगळंच.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आकाशातलं आहे. स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या अपाचे पॉइंटवरच्या २.५ मीटर दुर्बिणीने आकाशाचा नकाशा काढणारा प्रोजेक्ट, त्यांनी सुरुवातीला डेटा ऑब्जेक्टिव्हिटीमध्ये ठेवला होता. प्रत्येक तारा-दीर्घिकेचे शेकडो अ‍ॅट्रिब्यूट, पण खगोलवाल्यांच्या बहुतेक क्वेरींना त्यातले ठराविक थोडेच लागायचे, जागा, रंग, तेजस्विता, प्रकार. म्हणून त्यांनी टॅग ऑब्जेक्ट नावाची बारीक आवृत्ती वेगळी ठेवली, क्वेरी आधी टॅगवर चालायची आणि जे पास होतील त्यांच्यासाठीच मोठ्या ऑब्जेक्टकडे जायचं. २ केबीच्या ऑब्जेक्टचा २०० बाइटचा टॅग केला तर स्कॅनचे बाइट सरळ दहावा हिस्सा, आणि शिवाय टॅग सगळे मेमरीत मावायची शक्यता. दुसरं त्यांनी केलं ते म्हणजे आकाशाचे त्रिकोण पाडले, गोलाचे आधी ८, मग प्रत्येकाचे ४, परत ४, असं खाली खाली, आणि त्या त्रिकोणाच्या नंबरावर इंडेक्स, त्यामुळे आकाशाचा एक कोपरा विचारला की बाकीचे त्रिकोण बघावेच लागत नाहीत.

तुमच्याकडे करायचं तर गेल्या महिन्याभरातल्या क्वेरी काढा, अटींमध्ये कुठले फील्ड येतात ते मोजा, जे नेहमी येतात त्यांचा टॅग क्लास करा, त्यात मूळ ऑब्जेक्टचा रेफरन्स, आणि टॅग वेगळ्या कंटेनरमध्ये सलग. मूळ ऑब्जेक्टच्याच पेजवर टॅग ठेवला तर काही उपयोग नाही, हे सांगायची गरज वाटू नये पण तसं केलेलं बघितलंय. एवढं मोठं काम नको असेल तर निदान फोटो, ड्रॉइंगसारखे मोठे तुकडे वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये काढून रेफरन्सने जोडा, तेवढ्यानेही पेज घट्ट होतात.

इंडेक्स आणि मेथड

पार्ट, सप्लायर, शहर असा मार्ग वारंवार विचारला जात असेल तर त्या अख्ख्या मार्गावर इंडेक्स टाकता येतो, शहरावरून थेट पार्टचे ओआयडी. जेमस्टोनमध्ये कलेक्शनवर असा मार्गाचा इंडेक्स बनवता येतो. वाचायला मस्त, पण लिहिताना महाग, कारण सप्लायरने शहर बदललं की त्याच्या सगळ्या पार्टच्या नोंदी हलतात, आणि पॅरलल सेटअपमध्ये त्या नोंदी दुसऱ्या नोडवर असू शकतात. म्हणून मार्गाचा मधला दुवा सारखा बदलत असेल तर असा इंडेक्स नको. दोन डॉटच्या वरचे मार्ग मी तरी इंडेक्स करत नाही, त्यापेक्षा मधला तुकडा तोडून ओआयडीची यादी बरी.

अटीमध्ये मेथड कॉल असेल तर मात्र जरा कान टवकारा. पार्ट डॉट एकूणकिंमत असं निरागस दिसणारं काहीतरी असतं आणि आत ते सप्लायर उघडतं, टॅक्स उघडतं, करन्सी उघडतं. इंडेक्स लागत नाही, इंजिनाला खर्चाचा अंदाज येत नाही, आणि बऱ्याचदा मेथड क्लायंटवरच चालते म्हणून सगळे ऑब्जेक्ट आधी क्लायंटकडे ओढले जातात. उत्तर साठवून ठेवता येत असेल तर साधा फील्ड करा. नाहीतर साध्या अटी आधी, मेथडची अट सगळ्यात शेवटी, म्हणजे उरलेल्या थोड्यांवरच चालेल.

काम डेटाकडे न्या

काही ऑब्जेक्ट डेटाबेस पेज सर्व्हर असतात, ऑब्जेक्टस्टोअर त्यातलाच, सर्व्हर पेज देतो आणि विचार सगळा क्लायंट करतो. अशा ठिकाणी सर्व्हर आठ केले तरी क्लायंट एकच असेल तर सगळं त्या एका नळातूनच येणार. मग प्रत्येक डेटा नोडवरच एक छोटा वर्कर प्रोसेस ठेवा, तो तिथल्या सर्व्हरचाच क्लायंट, त्याने आपल्या हिश्श्याचं फिल्टर करायचं आणि वर फक्त उत्तर पाठवायचं. ऑब्जेक्टिव्हिटीमध्ये पॅरलल क्वेरी इंजिन म्हणून साधारण असंच तयार मिळतं. बेरीज, सरासरी असेल तर प्रत्येक वर्करने आपली बेरीज आणि आपली संख्या द्यायची, सरासरी नाही, सरासरींची सरासरी काढली की आकडा चुकतो आणि तो चुकलाय हे महिनाभर कोणाला कळत नाही.

लॉक हा विसरला जाणारा भाग. ऑब्जेक्टिव्हिटीसारख्यात लॉक सर्व्हर असतो आणि शंभर वर्कर सुरू केले की सगळे कंटेनरच्या लॉकसाठी त्याच्या दारात. जुना, आता न बदलणारा डेटा रीड-ओन्ली करून टाका म्हणजे लॉकची भानगडच नाही. चालू डेटासाठी एक लिहिणारा आणि अनेक वाचणारे चालतील असा मोड असतो, किंवा एमव्हीसीसी (वाचणाऱ्याला डेटाची आधीची आवृत्ती दाखवणारी पद्धत) असतं, रिपोर्ट त्यात चालवा, क्षणभर जुना आकडा दिसला तरी रिपोर्टला फरक पडत नाही. ट्रान्झॅक्शनही वर्करगणिक एकच मोठं, प्रत्येक ऑब्जेक्टला एक नको.

मग नोड किती? इथपर्यंत केल्यावर आता मोजा. क्वेरीचा १० टक्के भाग पॅरलल होत नसेल, म्हणजे सुरुवातीचं प्लॅनिंग, शेवटचं सॉर्टिंग, उत्तर एकत्र करणं, तर १६ नोडवर जास्तीत जास्त ६.४ पट वेग मिळतो, आणि नोड कितीही लावा १० पटीच्या पुढे जात नाही. म्हणून ८ वरून १६ करायच्या आधी तो १० टक्के कमी करायला बघा, अंतिम सॉर्ट नोडवर करून फक्त मर्ज वर ठेवला तरी बराच फरक पडतो. शिवाय वर्कर उठवायलाही वेळ लागतो, त्यामुळे ५० मिलिसेकंदात होणारी क्वेरी एकाच नोडवर चालू द्या, सोळा ठिकाणी वाटली तर उलट हळू होईल. दिवसा शंभर लोक एकदम वापरत असतील तेव्हा तर प्रत्येक क्वेरीने सगळे नोड अडवण्यापेक्षा दोन-दोन नोड घेतलेले बरे, रात्री एकच मोठा रिपोर्ट असेल तेव्हा सगळे मोकळे सोडा.

एवढं सगळं करूनही काही क्वेरी ऑब्जेक्ट डेटाबेसवर रांगतच राहतात, खासकरून ज्यात दर वेळी नवीनच काहीतरी विचारतात, हा ग्रुप बाय, तो जॉइन. त्यासाठी हट्ट करू नका. स्लोनवाल्यांनीही पुढे डेटाबेस तज्ज्ञ जिम ग्रे यांच्या मदतीने डेटा एसक्यूएल सर्व्हरवर नेला आणि २००१ मध्ये स्कायसर्व्हर लोकांसाठी उघडला, टॅगची आयडिया आणि त्रिकोणांचा इंडेक्स मात्र बरोबर घेऊन गेले. स्टॅनफर्डजवळच्या बाबार या कणभौतिकीच्या प्रयोगाने शेकडो टेराबाइट ऑब्जेक्टिव्हिटीत ठेवून दाखवले आणि नंतर तेही रूट या कणभौतिकीतल्या सॉफ्टवेअरच्या फाइलींकडे वळले. तुमच्याकडे सगळं हलवायची गरज नाही, रोज रात्री टॅगएवढे फील्ड एखाद्या पोस्टग्रेस किंवा कॉलम स्टोअरमध्ये काढा, सोबत ओआयडी स्ट्रिंग म्हणून ठेवा, रिपोर्ट तिथं चालवा आणि एखादी असेंब्ली आतून बघायची असेल तेव्हा त्या ओआयडीने ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये या. ओआयडी फिजिकल असेल तर रीक्लस्टरिंग केलं त्या रात्री हा एक्स्पोर्ट पूर्ण नव्याने काढायचा, अर्धवट चालणार नाही.

आणि सुरुवातीला जे मोजलं होतं, ऑब्जेक्ट, पेज, फेऱ्या, नोडगणिक वेळ, ते महत्त्वाच्या दहा क्वेरींसाठी रोजच्या बिल्डमध्ये घालून ठेवा, फेऱ्यांचा आकडा आदल्या दिवसापेक्षा दुप्पट झाला की बिल्ड लाल. कोणीतरी निरागसपणे गेटरमध्ये (फील्ड वाचून देणाऱ्या मेथडमध्ये) अजून एक डॉट टाकतोच.